छातीत धडधड, रिपोर्ट नॉर्मल: मग त्रास येतो कुठून?

पत्र

मी ३९ वर्षांचा असून सांगलीत एका सहकारी बँकेत नोकरी करतो. गेल्या दिवाळीनंतर आमच्या शाखेतले एक सहकारी हृदयविकाराच्या झटक्याने गेले. त्यांचे वय अवघे ४४ होते. छातीत जळजळते म्हणून त्यांनी त्या सकाळी माझ्यासमोरच ॲसिडिटीची गोळी घेतली होती. त्यानंतर काही दिवसांनी मला रात्री झोपेतून उठून एकदम धडधडू लागले, दोन्ही हातांना मुंग्या आल्या आणि आता आपले काही खरे नाही असे वाटले. अपरात्री दवाखाना गाठला, ईसीजी नॉर्मल निघाला. तेव्हापासून अनेक ईसीजी, टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी), स्ट्रेस टेस्ट (पट्ट्यावर चालवून केलेली तपासणी), रक्ताच्या तपासण्या असे सगळे झाले आणि सगळे व्यवस्थित आहे. तरीही छातीत डावीकडे टोचते, मधेच ठोका चुकतो, घशात काहीतरी अडकल्यासारखे वाटते. उशाशी ऑक्सिमीटर ठेवूनच झोपतो. रात्री मोबाइलवर लक्षणे शोधत बसतो. सकाळचे फिरणे भीतीने बंद केले आहे. पत्नी आधी धीर द्यायची, आता ‘भित्यापाठी ब्रह्मराक्षस’ म्हणून चिडते. मेहुण्यांचे म्हणणे, एकदाची अँजिओग्राफी करून टाका, म्हणजे डोक्यातून जाईल. हे सगळे माझ्या मनाचेच खेळ आहेत का? अँजिओग्राफी करावी का?
— एक वाचक, सांगली

उत्तर

सप्रेम नमस्कार,

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. तुम्हाला धडधडते तेव्हा हृदय खरोखरच जोरात चालत असते, मुंग्या येतात तेव्हा त्या खरोखरच आलेल्या असतात, आणि छातीत टोचते ते तुम्ही कल्पनेने निर्माण केलेले नसते. ‘टेन्शन घेऊ नका’ हे वाक्य डॉक्टरांच्या तोंडून ऐकले की बहुतेक रुग्णांना ‘तुम्हाला काही होत नाही’ असे ऐकू येते, आणि होत तर असते. त्यामुळे डॉक्टरांच्या नजरेतून काहीतरी निसटले असावे ही शंका बळावते व माणूस दुसऱ्या डॉक्टरांचा दरवाजा ठोठावतो. म्हणून तुमच्या शरीरात नेमके काय घडते ते आधी सविस्तर सांगतो.

त्या पहिल्या रात्रीपासूनच सुरुवात करू. भीतीचा इशारा मिळताच मूत्रपिंडांच्या वर असलेल्या अधिवृक्क ग्रंथी ॲड्रेनॅलिन सोडतात, हृदयाचे ठोके वाढतात, स्नायू ताठ होतात आणि श्वास भराभर व उथळ होऊ लागतो. या भराभर श्वासाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही, परंतु निम्मा गोंधळ त्याचाच असतो. गरजेपेक्षा अधिक श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्याचा परिणाम म्हणून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या थोड्या आकुंचन पावतात आणि डोके हलके होते, बोटांना व ओठांभोवती मुंग्या येतात, श्वास पुरत नाही असे वाटते. श्वास पुरत नाही म्हणून माणूस आणखी जोरात श्वास घेतो आणि मुंग्या आणखी वाढतात. त्या वेळी ऑक्सिमीटर लावला तर तो ९८ किंवा ९९ दाखवतो, कारण ऑक्सिजन कमी झालेलाच नसतो. तुम्हाला हे आकडे ओळखीचे वाटतील.

ठोका चुकतो असे तुम्ही लिहिले आहे, पण बहुधा तो चुकलेला नसून वेळेच्या थोडा आधी पडलेला असतो. असा ठोका पडला की पुढच्या ठोक्यापूर्वी जरा लांबलेला विराम येतो, त्या विरामात हृदयात नेहमीपेक्षा अधिक रक्त भरते, आणि पुढचा ठोका जोरात बसतो. तुम्हाला दचकवतो तो हाच जोराचा ठोका. निरोगी माणसांना २४ तास ठोक्यांची नोंद ठेवणारा हॉल्टर मॉनिटर लावला तरी त्यांच्यातल्या अनेकांमध्ये असे ठोके सापडतात. बहुतेकांना त्यांचा पत्ताही नसतो. चहा-कॉफी, अपुरी झोप व ताण यांनी ते अनेकांमध्ये वाढतात, आणि हृदयाची रचना निर्दोष असताना ते सहसा निरुपद्रवी असतात. हृदयाची रचना निर्दोष आहे हे तुमच्या टूडी इकोने दाखवलेले आहे. डाव्या कुशीवर झोपल्यावर धडधड जास्त जाणवत असेल तर त्याचेही कारण साधे आहे: त्या कुशीवर हृदय छातीच्या भिंतीच्या अधिक जवळ येते.

घशातल्या अडकलेपणाविषयी एक प्रयोग सुचवतो, तो आत्ता हे वाचता वाचताच करा. तोंडात पाणी वा घास नसताना लागोपाठ सहा-सात वेळा आवंढा गिळून पाहा. चौथ्या-पाचव्या वेळी गिळणे जड जाईल आणि घशात काहीतरी अडकल्याचा भास होईल. घशात नवे काही निर्माण झालेले नाही. गिळायला लाळ उरली नाही आणि स्नायू आवळले गेले, एवढेच. दिवसातून अनेक वेळा ‘अजून अडकतेय का’ म्हणून गिळून पाहणारा माणूस नकळत हाच प्रयोग दिवसभर करत असतो. छातीवरची दुखरी जागा बोटाने दाबून पाहण्याची सवय असेल (तुम्ही तसे लिहिलेले नाही, पण या तक्रारीच्या रुग्णांमध्ये ती फार आढळते) तर तिथेही तोच प्रकार घडतो. बरगड्यांमधले आधीच ताठलेले स्नायू पुनःपुन्हा दाबल्याने हुळहुळे होतात आणि दुखणे पक्के झाल्यासारखे वाटते.

ही तक्रार आजच्या धावपळीतून किंवा मोबाइलमुळे जन्माला आली असे समजण्याचेही कारण नाही. अमेरिकेतल्या यादवी युद्धात लढलेल्या सैनिकांमध्ये धडधड, छातीतली कळ आणि धाप अशी लक्षणे घेऊन येणाऱ्या कितीतरी जणांच्या नोंदी जेकब डा कोस्टा या डॉक्टरांनी १८७१ साली प्रसिद्ध केल्या होत्या. हृदय तपासून रोग सापडत नव्हता, आणि तरी ते तरुण सैनिक कामाचे राहिले नव्हते. मृत्यू जवळून पाहिलेल्या माणसाचे शरीर असे बोलते, हे तेव्हाही डॉक्टरांना दिसत होते.

तुमच्या बाबतीत मृत्यू शेजारच्या टेबलापर्यंत आला होता. पत्रात त्या प्रसंगाला तुम्ही तीन-चार वाक्ये दिली आहेत आणि बाकीचे सगळे पत्र तपासण्यांना, परंतु मला त्या तीन-चार वाक्यांतच अधिक महत्त्वाचे काही दिसते. तुमच्या सहकाऱ्यांनी छातीतल्या जळजळीला ॲसिडिटी मानले आणि ते गेले. त्या दिवशी तुमच्या मनाने एक नियम करून टाकला, की छातीत होणाऱ्या कोणत्याही गोष्टीकडे दुर्लक्ष केले तर आपलेही तसेच होईल. त्यात कदाचित ‘मी तेव्हाच त्यांना दवाखान्यात चला म्हटले असते तर’ ही टोचणीही असेल. ती असेल तर ती पत्नीजवळ किंवा शाखेतल्या एखाद्या जवळच्या माणसाजवळ बोलून टाका, कारण तुम्ही डॉक्टर नव्हता आणि जळजळ होणारी माणसे बँकेत रोजच दिसतात. गेलेल्या माणसाचे दुःख करायला तुम्हाला सवडच मिळालेली नाही. त्या दुःखाच्या जागी तुम्ही स्वतःच्या छातीवर पहारा बसवला आहे.

मात्र तो नियम पुसून टाका असे मी सांगणार नाही, तो अधिक नेमका करा असे सांगेन. धोक्याच्या खुणा अशा: चालताना किंवा जिना चढताना छातीवर दाब येऊन थांबल्यावर तो उतरत असेल. छातीतला दाब वा जळजळ काही मिनिटांहून जास्त टिकून दरदरून घाम, धाप, मळमळ यांची साथ असेल. दुखणे डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत पसरत असेल. भोवळ येऊन शुद्ध हरपली असेल. किंवा चेहरा एका बाजूला वाकडा होणे, एका हातातली शक्ती जाणे, बोबडी वळणे असे काही घडले असेल. यातली कोणतीही खूण दिसली, तर इंटरनेट न पाहता, मेहुण्यांना न विचारता १०८ ला फोन करावा किंवा जवळचे रुग्णालय गाठावे. मधुमेह असलेल्यांमध्ये ही लक्षणे सौम्य किंवा वेगळी असू शकतात, त्यामुळे त्यांनी आपल्या डॉक्टरांकडून स्वतःपुरते नियम समजून घ्यावेत. याउलट क्षणभर सुई टोचल्यासारखी येऊन जाणारी, बोटाने नेमकी दाखवता येणारी, बसल्या जागी येणारी आणि भरभर चालताना कधीच न येणारी कळ ही बहुधा छातीच्या भिंतीतली असते. ‘बहुधा’ हा शब्द तुम्हाला खटकला असेल याची मला कल्पना आहे, आणि माझ्या मते तुमच्या सगळ्या त्रासाचे मूळ तिथेच आहे.

तुम्हाला शंभर टक्के खात्री हवी आहे, आणि कोणतीही तपासणी ती देऊ शकत नाही. ईसीजी तुमच्या हृदयाची त्या क्षणाची विद्युत नोंद दाखवतो, स्ट्रेस टेस्ट त्या दिवसाची क्षमता दाखवते. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना वाटणारा दिलासा संध्याकाळपर्यंत टिकतो आणि मग ‘पण त्यानंतर काही झाले असेल तर?’ हा प्रश्न हजर होतो. ‘फुल बॉडी चेकअप’च्या पॅकेजांनी तर यात भरच घातली आहे. रक्ताच्या अहवालात जी सामान्य मर्यादा छापलेली असते ती साधारणपणे ९५ टक्के निरोगी माणसांना सामावून घेईल अशी आखलेली असते, याचा अर्थ निरोगी माणसांपैकीही ५ टक्के माणसे प्रत्येक तपासणीत त्या मर्यादेबाहेर पडतात. परस्परांशी संबंध नसलेल्या २० तपासण्या एकदम केल्या तर पूर्ण निरोगी माणसाच्या अहवालातही किमान एक आकडा ठळक छापून येण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के निघते. पॅकेजात तर साठ-सत्तर तपासण्या असतात. तो एक ठळक आकडा तुमच्यासारख्या माणसाला पुढचे दोन महिने पुरतो. थायरॉइड व हिमोग्लोबिन मात्र अद्याप पाहिले नसेल तर एकदा पाहून घ्या, कारण थायरॉइडचा स्राव वाढणे आणि रक्त कमी असणे या दोन्हींमुळे खरोखरच धडधडते.

अँजिओग्राफीबद्दल माझे मत स्पष्ट आहे. मनगटातून किंवा जांघेतून नळी घालून हृदयाच्या रक्तवाहिन्यांत रंगद्रव्य सोडण्याची ती प्रक्रिया आहे; तिच्यात धोका कमी असला तरी तो शून्य नाही, आणि डोक्यातून शंका काढणे हा तिचा उपयोग नव्हे. करावी की नाही हे तुमच्या हृदयरोगतज्ज्ञांनी ठरवायचे आहे. त्यांना एकदाच, स्वतंत्र वेळ घेऊन, सगळी फाइल समोर ठेवून विचारा: माझ्या वयाला, माझ्या घरातल्या हृदयविकाराच्या इतिहासाला आणि या अहवालांना धरून आणखी काही तपासणे आवश्यक आहे का, आणि नसेल तर पुढची तपासणी केव्हा? उत्तर कागदावर लिहून घ्या. त्या तारखेच्या आधी, वर सांगितलेल्या धोक्याच्या खुणांशिवाय, नवी तपासणी करायची नाही आणि डॉक्टर बदलायचे नाहीत. मेहुण्यांचा हेतू चांगला आहे, पण त्यांचा सल्ला मानलात तर अँजिओग्राफी नॉर्मल आल्यावर काही आठवड्यांत तुमचे लक्ष मेंदूकडे किंवा आतड्यांकडे वळेल.

आता रोजच्या वागण्याकडे येतो. राखणीचा कुत्रा पोस्टमनवरही भुंकतो आणि चोरावरही. प्रत्येक वेळी मालक काठी-कंदील घेऊन धावत बाहेर आला तर पोस्टमनही धोकादायक आहे असेच तो कुत्रा शिकत जातो. तुम्ही ऑक्सिमीटरला हात घालता, नाडी धरता, मोबाइलवर शोधता, पत्नीला उठवून विचारता, तेव्हा तुमच्या मेंदूला नेमका तोच धडा मिळतो. तपासून घेतल्याने भीती क्षणभर उतरते आणि म्हणूनच पुढच्या वेळी तपासण्याची ओढ अधिक बळकट होते. त्यामुळे उपचाराचा सर्वांत कठीण आणि सर्वांत गुणकारी भाग म्हणजे हे तपासणे क्रमाक्रमाने बंद करणे. ऑक्सिमीटर आजच उशापासून हलवून पत्नीच्या ताब्यातल्या कपाटात ठेवा. तुमच्या फुप्फुसांना आजार नसताना त्याचे घरात काही काम नाही. नाडी पाहण्याची उबळ आली की लगेच नकार देऊ नका, दहा मिनिटे पुढे ढकला, पुढच्या आठवड्यात ती मुदत अर्धा तास करा. भीती चढते, एका टोकाला जाते आणि तुम्ही काहीही न करता उतरते, हे तुमच्या शरीराला अनुभवाने कळायला हवे. माझ्या सांगण्याने ते कळणार नाही. पहिले काही दिवस अस्वस्थता वाढेल. ती वाढली म्हणजे उपाय चुकला असे समजू नका.

इंटरनेटवर शोधण्याच्या बाबतीत मी थोडा कठोर आहे. लक्षणे शोधणे पूर्ण बंद करा, थोडे थोडे कमी करण्याचा प्रयत्नसुद्धा करू नका. छातीतल्या कळीची वीस कारणे वाचल्यावर त्यातली एकोणीस साधी आहेत हे रात्री दोन वाजता कोणाच्याही लक्षात राहत नाही. मन चिंती ते वैरी न चिंती असे आपल्याकडे म्हणतात ते अशाच वेळेसाठी. व्यायामशाळेत कोसळलेल्या तरुणांचे व्हिडिओ फिरवणारे जे व्हॉट्सॲप गट असतील ते बिनदिक्कत म्यूट करा.

सकाळचे फिरणे बंद केलेत ही तुमच्या हातून झालेली सर्वांत नुकसानीची गोष्ट आहे, आणि ती भरून काढणेही सोपे आहे. बसून राहिल्याने दम कमी होतो, दम कमी झाला की एक जिना चढल्यावरही नाडी जास्त वाढते, आणि वाढलेली नाडी तुम्हाला आजाराचा पुरावा वाटते. स्ट्रेस टेस्टच्या पट्ट्यावर तुम्ही जेवढे चालला आहात तेवढे कृष्णेच्या घाटावर चालायला हरकत नसावी, तरी डॉक्टरांच्या भेटीत तेवढे विचारून घ्या. सुरुवात वीस मिनिटांची करा, मनगटावर स्मार्टवॉच असेल तर ते घरी ठेवा, आणि चालताना धडधडले तर थांबून नाडी न मोजता वेग थोडा कमी करून चालत राहा. मार्चअखेरच्या दिवसांत बँकेत चहाचे किती कप होतात याची मला कल्पना आहे. दुपारी तीननंतरचे कप सोडा. तंबाखू किंवा सिगारेट असेल तर ती मात्र सोडलीच पाहिजे, कारण तुम्हाला ज्या आजाराची भीती वाटते त्याच्याशी तिचा खरा संबंध आहे.

रात्री जाग येऊन धडधडले तर श्वास सोडण्याकडे लक्ष द्या. नाकाने चार आकडे मोजत श्वास आत, सहा आकडे मोजत बाहेर, असा मिनिटाला साधारण सहा श्वासांचा वेग ठेवून पाच मिनिटे बसा. दीर्घ श्वास म्हणून छाती फुगवून मोठमोठे श्वास घेऊ नका, त्याने मुंग्या वाढतील. हा व्यायाम दिवसाही करा, नाहीतर तोही फक्त भीतीच्या वेळी धरायची काठी होऊन बसेल.

पत्नीविषयी तुमच्या पत्रात तक्रारीचा सूर आहे, तो मला थोडा अन्यायाचा वाटला. महिनोन् महिने मध्यरात्री उठून ‘काही होणार नाही’ असे सांगणारे माणूस थकणारच, आणि त्या सांगण्याने तुम्हाला बरे वाटत नाही हे पाहून अधिकच थकणार. ब्रह्मराक्षसाची म्हण मात्र त्यांनी सोडावी, कारण टोमण्याने लाज वाढते आणि लाजेने लपवाछपवी. दोघांनी दिवसा, शांतपणे बसून एक वाक्य ठरवून घ्या. तुम्ही ‘मला काही होणार नाही ना?’ असे विचाराल तेव्हा त्यांनी ‘तुला भीती वाटतेय हे कळतंय, पण यावर उत्तर द्यायचं नाही असं आपण ठरवलंय’ एवढेच म्हणावे, हवे तर हात हातात घ्यावा, आणि मग उद्याच्या कामाचे, मुलांच्या शाळेचे काहीतरी बोलावे.

एवढ्यावर दीड-दोन महिन्यांत फरक पडला नाही, किंवा झोप आणि काम आताच बिघडलेले असेल, तर वाट न पाहता मनोविकारतज्ज्ञ किंवा प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञ गाठा. तुमच्या वर्णनावरून ही आरोग्यचिंता आणि तिच्यासोबत येणारे भीतीचे झटके असावेत असा माझा अंदाज आहे, पण निदान प्रत्यक्ष भेटीतच होते. यावर सीबीटी, म्हणजे विचार आणि वर्तन यांवर एकत्र काम करणारी उपचारपद्धती, चांगली लागू पडते. ब्रिटनमध्ये हृदय, श्वसन, पोट अशा विकारांच्या बाह्यरुग्ण विभागांत येणाऱ्या, आरोग्यचिंतेने ग्रासलेल्या ४४४ रुग्णांवर झालेला अभ्यास २०१४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. सीबीटीच्या थोड्याच बैठका मिळालेल्या गटाची चिंता नेहमीचे उपचार मिळालेल्या गटापेक्षा स्पष्टपणे कमी झाली आणि तो फरक दोन वर्षे टिकला. सगळ्यांची भीती समूळ गेली असे मात्र नव्हते, हेही सांगायला हवे. मराठी वाचकांना कि. मो. फडके यांच्यामुळे परिचित झालेली अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धती याच कुळातली आहे, आणि ‘मला खात्री मिळालीच पाहिजे’ या हट्टावर ती नेमके बोट ठेवते.

औषधे लागली तर घाबरू नका. एस्सिटालोप्राम किंवा सर्ट्रालिन यांसारख्या चिंतेवरच्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, सुरुवातीला थोडी मळमळ वा अस्वस्थता होऊ शकते, आणि त्यांचे व्यसन लागत नाही. त्या बंद करायच्या तेव्हा डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करतात. अल्प्राझोलामची गोष्ट वेगळी आहे. ‘झोपेची साधी गोळी’ म्हणून ती कोणी ओळखीतून दिली असेल तर सांभाळा, तिची सवय लागते. रोज घेत असाल तर एकदम बंदही करू नका, डॉक्टरांना सांगा.

मिरजेला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथल्या मनोविकार विभागात माफक खर्चात दाखवता येईल. प्रत्यक्ष जाण्याचा धीर होत नसेल तर टेली-मानस ही केंद्र सरकारची मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस चालू असते आणि मराठीतून बोलता येते. ती ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. पहिल्या भेटीला जाताना सगळ्या अहवालांची जाड फाइल नेण्याऐवजी एका कागदावर चार गोष्टी लिहून न्या: त्रास केव्हा सुरू झाला, कोणत्या तपासण्या झाल्या, दिवसातून साधारण किती वेळा तुम्ही स्वतःला तपासता, आणि भीतीमुळे कोणकोणत्या गोष्टी करणे सोडले आहे. यातली तिसरी आणि चौथी गोष्ट बहुतेक रुग्ण सांगतच नाहीत, आणि डॉक्टरांना सर्वांत उपयोग त्यांचाच होतो. जमल्यास पत्नीलाही सोबत घेऊन जा, म्हणजे ते ठरवून घेतलेले वाक्य डॉक्टरांसमोर एकदा तपासून घेता येईल.